चुंबककाका

ओवे गावात कोणी सेकंडहँड गाडी विकायला आणली, की इंजिन बंद करण्याआधी तो खिडकीतून मान बाहेर काढून पहिली चौकशी करतो, "तो मोज्यात लोहचुंबक घेऊन फिरणारा म्हातारा इथलाच का हो?" इथलाच, असं कळलं की काही जण तिथल्या तिथे रिव्हर्स टाकतात. उरलेले खाली उतरून घाम पुसतात.

आमच्या चुंबककाकांचं खरं नाव लाइटबिलावर आहे. इतर कोणी ते वापरत नाही. वय सहासष्ट. पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल लवकर संपतं. तळोजा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांची उभी हयात क्वालिटी कंट्रोलमध्ये गेली. बाहेरून येणारा माल तपासायचा आणि त्यावर हिरवं नाहीतर लाल लेबल चिकटवायचं, हे काम. नोकरीला लागताना मिळालेलं हिरव्या लेबलांचं पुडकं निवृत्तीच्या दिवशी अर्धं शिल्लक होतं, अशी तिथल्या जुन्या कामगारांची साक्ष आहे. निरोपसमारंभात त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. काकांनी ते आठवडाभर आकाशवाणीच्या वेळेशी ताडून पाहिलं, दोन सेकंदांची तफावत टिपली आणि खोक्यासह परत नेऊन दिलं.

असा एक गृहस्थ प्रत्येक वस्तीत असतोच. डोंबिवलीत तो नव्या फ्लॅटच्या भिंतीला ओळंबा लावतो, नाशकात द्राक्षाच्या पेटीतला तळचा थर उपसून बघतो, कोल्हापुरात म्हशीचे दात मोजतो. ओव्याच्या वाट्याला गाड्यांचा आला, इतकंच.

आणि इथे त्याला काम भरपूर. ओवे म्हणजे खारघरच्या डोंगरापायथ्याचं आगरी लोकांचं भातशेतीचं गाव. सिडकोने जमिनी घेतल्या, गावाभोवती सेक्टर उभे राहिले, जमिनींच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर इमारती चढल्या, १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महानगरपालिका झाली आणि गावाचं शहर होणं कागदावर पुरं झालं. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रोही धावते. पण मेट्रो सासुरवाडीला जात नाही. कार्ल्याच्या एकवीरेला जात नाही. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर दाराशी येत नाही, आणि उरणच्या हळदीला गेलेल्या माणसाला पहाटे घरी आणून सोडत नाही. म्हणून गाडी लागते. नवी झेपत नाही, म्हणून जुनी लागते. आणि जुनी म्हटली की दहातले बरेच जण डोळे मिटून वॅगनआर म्हणतात.

डोळे मिटून, इथेच काकांचा आक्षेप सुरू होतो.

वॅगनआर ही गाडी १९९९ च्या अखेरीस आपल्याकडे आली तेव्हा लोक तिला हसले होते. कपाटाला चाकं लावल्यासारखी दिसायची. पण त्या कपाटात आजी न वाकता बसते, डोक्यावरची टोपी न काढता आजोबा बसतात, सीएनजीवर महिन्याचा हिशेब जमतो आणि सुटा भाग हवा असेल तर कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षात देशात सगळ्यांत जास्त खपलेली गाडी हीच; दोन लाखांवर. हा आकडा कोणी काकांना ऐकवला. काका म्हणाले, "म्हणजे दोन लाख लोकांनी नीट बघितलं नाही."

त्यांची तपासणी फोनवरच सुरू होते. "पासिंग कुठलं?"

एमएच ०८ म्हटलं की काका डोळे मिटतात. "चिपळूणचा पूर. २२ जुलै २०२१. पुढे बोलू नका." ०९ म्हणजे पंचगंगा, २०१९ चा ऑगस्ट. १० म्हणजे कृष्णा, तोच ऑगस्ट. ०६ म्हणजे महाडची सावित्री. एकाने अंधेरी पासिंगची गाडी आणली, एमएच ०२. "मिठी नदी. सव्वीस जुलै."

"काका, तो पूर २००५ चा. ही गाडी २०१७ ची आहे."

"पार्किंग तर तेच ना?"

शेवटी एकाने वैतागून लातूरची शोधून काढली, एमएच २४. २०१६ साली ज्या शहराला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तिथली गाडी तरी पुरातली नसणार. काका क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे हिला कधी धुतलीच नसेल." उरलं आपलं एमएच ४६, पनवेल. तिथे काका गाढी नदीचं नाव घेतात आणि पाठोपाठ कासाडीचं.

हसायला ठीक आहे, पण यात खोटं काही नाही. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन, वाळवून, दूरच्या गावी विकल्या जातात हे खरंच आहे. सीटची कव्हरं नवी येतात, कार्पेट बदलतो, वास जावा म्हणून डॅशबोर्डवर कापूर ठेवतात. काका कापूर दिसला की नमस्कार करतात आणि सीटबेल्ट ओढायला लागतात. ओढत ओढत शेवटपर्यंत. गाडीतलं सगळं धुतात लोक, पण पट्ट्याचं आत गुंडाळलेलं टोक कोणी धूत नाही. गाळाची रेघ तिथे राहते. मग स्टेपनी काढून खालचा खड्डा बघायचा, तिथे गंज किंवा बारीक माती आहे का. एवढं झालं की काका पट्टा नाकाशी नेऊन वास घेतात. हे मात्र कशासाठी ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

आणि मग तो मोजा. जुन्या स्पीकरमधून काढलेलं गोल लोहचुंबक, सुती मोज्यात घातलेलं, रंगावर ओरखडा येऊ नये म्हणून. दारावरून, मडगार्डवरून, डिकीवरून काका ते हळूहळू फिरवतात. पत्रा असेल तिथे ते ओढ घेतं. ठोकलेल्या जागी लांबी भरून वर रंग मारलेला असेल तिथे ते गळून हातात येतं. ते गळून हातात आलं, की काकांचा चेहरा उजळतो. लॉटरी लागलेल्या पोराचा उजळतो तसा नाही. शांतपणे, माणसाचं आपल्या जगावरचं मत खरं ठरल्यावर उजळतो तसा.

माझ्या भाच्याला गाडी हवी होती. तळोज्यात पाळीची नोकरी, घरात बाळ येऊ घातलेलं, सासुरवाडी पेणला. २०२५ च्या पावसाळ्यात त्याने पहिली गाडी हेरली ती कामोठ्यातली, २०१७ ची, एकहाती. काका अर्धा तास आधी जाऊन पोचले. हे त्यांचं ठरलेलं आहे. गिऱ्हाईक यायच्या आधी विकणारा गाडी एकदा चालू करून गरम ठेवतो, म्हणजे सकाळची कुरकुर आणि धूर कळत नाही. काका उलट्या हाताने बोनेट चाचपतात. कोमट लागलं तर "उद्या येतो" म्हणून निघतात. कामोठ्यात बोनेट गार होतं. गाडी चालू झाली, काका मागे उकिडवे बसले. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर ऑइल जळतंय, पांढरा धूर थांबतच नसेल तर कुलंट आत शिरतंय, काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. धूर आला नाही. काका बसूनच राहिले. विकणाऱ्याला वाटलं चक्कर आली; तो पाणी घेऊन आला.

ते गृहस्थ तसे सज्जन. सांगू लागले, "आमची गाडी कुठे फिरत नाही हो. घरात आम्ही दोघंच. वर्षातून दोनदा एकवीरेला, बाकी उभीच."

काकांनी निळं पेन काढलं. "कार्ला जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर धरू. लोणावळ्यात चिक्की घ्यायला वळलात, दीडशे. वर्षाला तीनशे. आठ वर्षांचे चोवीसशे." मग वाकून मीटर वाचला. "एकसष्ट हजार. राहिलेले साडेअठ्ठावन्न हजार किलोमीटर कोणत्या देवाला?"

गृहस्थ हसले. आतून पोह्यांच्या बशा घेऊन येत होत्या त्या वहिनी दारातच थांबल्या. म्हणाल्या, "विचारा हो, विचारा. मलाही कळू दे."

पुढचा अर्धा तास त्या घरात गाडी हा विषय नव्हता.

काकांनी तोवर काचा वाचल्या. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तिच्या वर्षाची खूण असते. सगळ्या काचा गाडीच्या वयाच्या असाव्यात. एका दाराची काच चार वर्षांनी तरुण निघाली, म्हणजे ते दार कधीतरी कशाला तरी भेटलंय. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तिथे ३२१७ होतं, म्हणजे २०१७ च्या बत्तिसाव्या आठवड्यातलं रबर, एव्हाना वाळून दगड झालेलं. हे सगळं किरकोळ. पण निघताना काकांनी भाच्याला बाजूला घेतलं आणि पेन न काढता बोलले. "या गाडीत एअरबॅग नाही. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या प्रत्येक गाडीत निदान चालकापुढची एअरबॅग सक्तीची आहे, एबीएस त्याच वर्षीच्या एप्रिलपासून. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलात काही असेलच असं नाही. बाळ येणार आहे. एकोणीसच्या जुलैनंतरचीच बघ."

काकांच्या शंभर हरकतींमध्ये ही एक मला सोन्याची वाटते. वॅगनआर मुळात धडकेच्या परीक्षेत हुशार नाही. २०२३ च्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांसाठी तिला पाचपैकी एक तारा मिळाला होता आणि मुलांसाठी तेवढाही नाही. ज्यांना पैशांमुळे हीच घ्यायची आहे त्यांनी दोन वर्षं नवी घ्यावी, थोडे पैसे जास्त मोजावेत, पण एअरबॅग नसलेली घेऊ नये. लांबी, रंग, टायर हे पैशांचे प्रश्न आहेत. हा तसा नाही.

दुसरी गाडी कळंबोलीच्या एका गाडीबाजारात. तिथला पोरगा आदल्या दिवशी भाच्याला फोनवर म्हणाला होता, "दादूस, गारी बगाला ये, पन त्या काकाला नको आनूस." अर्थात काका पुढच्या सीटवर. ही २०१९ च्या ऑक्टोबरची, पांढरी, सीएनजी, मीटरवर अवघे अडतीस हजार. काकांनी मीटरकडे बघितलंही नाही. ते ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर बघत होते. मीटर मागे नेता येतो, रबर कोणी मागे नेत नाही. रबराच्या रेघा पुसून सपाट झालेल्या, स्टिअरिंग चकाकणारं, चालकाच्या सीटचा उजवा काठ बसलेला. मग काकांनी बॅटरी पेटवून डाव्या बाजूच्या सीटखाली बघितलं. स्क्रूची चार भोकं.

"इथे अग्निशामक नळकांडं होतं," काका म्हणाले. "आणि ही तोडलेली वायर स्पीड गव्हर्नरची. ही गाडी टॅक्सी होती. पिवळी पाटी, टी परमिट. नंतर प्रायव्हेट करून घेतली." पोरगा म्हणाला, "काका, आरसीवर तर प्रायव्हेटच हाय." काकांनी त्याला आधीचं रेकॉर्ड काढायला लावलं. निघालं तसंच. तीन वर्षं विमानतळाच्या फेऱ्या मारलेली गाडी अडतीस हजारांवर कशी थांबली, हे पोराला सांगता येईना. त्याने आम्हाला थम्सअप पाजलं आणि परत न येण्याची विनंती केली.

अशा रीतीने गाड्या नापास होत गेल्या. एकीच्या ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पिवळसर थर, म्हणजे ऑइलमध्ये पाणी. एकीच्या बोनेटच्या बोल्टांवरचा रंग पान्याने सोललेला. एकीला कंपनीचं नव्हे तर बाहेरून बसवलेलं सीएनजी किट, आरसीवर त्याची नोंदच नाही. अशा गाडीला उद्या आग लागली तर विमावाला हात वर करतो. हे सगळं खरं, शंभर टक्के खरं. खोटं काका कधी बोलत नाहीत. फक्त गाडी कधी घेऊन देत नाहीत. त्यांच्याकडे स्वतःची गाडी का नाही, असं मी एकदा विचारलं. "घ्यावी अशी अजून दिसली नाही," म्हणाले, आणि मेट्रोत चढताना दाराच्या रबराकडे संशयाने बघत राहिले.

मध्यंतरी एक भयंकर गोष्ट घडली. ओव्याच्याच पलीकडच्या गल्लीत एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची २०२० ची वॅगनआर निघाली, आणि काकांना तिच्यात काही सापडलं नाही. चुंबक सगळीकडे चिकटलं. काचा एका वयाच्या, पट्टे स्वच्छ, ऑइल मधासारखं, सर्व्हिसचं पुस्तक पानोपान भरलेलं. काका गाडीभोवती तीनदा फिरले. खारघरच्या सेंट्रल पार्कपर्यंत नेऊन आणली, गोल्फ कोर्सच्या रस्त्याने तिसऱ्या गिअरमध्ये एसी लावून चढवली. कुठे काही वाजलं नाही. काका उतरले, रुमालाने हात पुसले आणि अत्यंत अपराधी आवाजात म्हणाले, "ठीक आहे."

घेणारा गावातलाच होता. तो पांढरा पडला. काकांना काही सापडलं नाही! म्हणजे नक्कीच काहीतरी मोठं लपवलेलं असणार. त्याने रातोरात विचार बदलला. गल्लीत बातमी पसरली आणि त्या गाडीला गिऱ्हाईकच मिळेना. जो येई तो विचारी, "नक्की झालंय काय हिला?" डॉक्टरीणबाईंनी शेवटी ती नागपूरच्या भावाला देऊन टाकली. इकडे काकांची झोप उडाली होती. तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे ते बॅटरी घेऊन त्या गाडीखाली शिरलेले वॉचमनने पाहिले होते.

मग घटस्थापना आली, २२ सप्टेंबर २०२५. त्या दिवसापासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर उतरला. नव्या गाड्यांच्या किमती खाली आल्या, आणि नव्या खाली आल्यावर जुन्यांना वर राहून चालणार नव्हतं. भाच्याला आदल्या महिन्यात जे लोक चढा भाव सांगत होते, तेच आता आपणहून फोन करू लागले. काका दोन दिवस गावभर फिरले. "मी म्हणत नव्हतो थांबा?" म्हणत होते, हे खरं आहे. ते २०२१ सालीही थांबाच म्हणत होते. थांबा म्हणणारा माणूस कधीतरी बरोबर ठरतोच. त्याला फक्त आयुष्य पुरावं लागतं.

आमच्या सूनबाईंना, म्हणजे भाच्याच्या बायकोला, आता दिवस भरत आले होते, आणि थांबणं त्यांच्या हातात नव्हतं. गेले दोन महिने त्या काकांबरोबरच्या फेऱ्यांचं वर्णन भाच्याच्या तोंडून ऐकत होत्या. त्या पेणच्या बाजारात वाढलेल्या. त्यांनी एक प्रश्न विचारला जो आम्हा पुरुषांपैकी कोणाला सुचला नव्हता. "काका निघाल्यावर पुढे त्या गाडीचं काय होतं?"

चौकशी केली. कामोठ्याची गाडी पंचवीस हजारांनी कमी भावात दुसऱ्याला गेली होती. कळंबोलीची तर त्याहून खाली. ओव्यातले जुने आगरी लोक हे केव्हापासून ओळखून होते. ते काकांना घेऊन जात, काकांना बोलू देत, विकणाऱ्याचा चेहरा उतरू देत, "बघतो, कळवतो" म्हणत आणि संध्याकाळी एकटेच परत जाऊन उतरलेल्या भावात गाडी उचलून आणत. काकांना सांगत, "पुतण्यानं भेट दिली." गल्लीत उभ्या असलेल्या निम्म्या गाड्या काकांनीच नापास केलेल्या होत्या. हे गावात सगळ्यांना माहीत होतं, काका सोडून.

पुढची गाडी बघायला सूनबाई स्वतः आल्या. खांदा कॉलनी, नवीन पनवेल. सप्टेंबर २०१९ ची, कंपनीचीच सीएनजी, एका निवृत्त शिक्षकांची. मागत होते चार लाख साठ. काका कामाला लागले आणि सूनबाई खुर्ची मागवून शेजारी बसल्या, मोबाइलवर एकेक टिपत.

"सिलिंडरची हायड्रो टेस्ट," काका म्हणाले, "तीन वर्षांनी करावी लागते. २०२२ ला केलीय. २०२५ ची केलेली नाही."

"किती लागतात?" सूनबाई. काकांनी सांगितलं. त्यांनी लिहिलं.

"टायर चारही पहिलेच." लिहिलं. "पुढचा बंपर रंगवलेला." लिहिलं. "आरसीवर अजून बँकेचा बोजा दिसतोय." गुरुजी म्हणाले, कर्ज कधीच फिटलं. "फिटलं असेल, उतरलेलं नाही. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागेल. तो झाल्याशिवाय २९ आणि ३० वर सही करून काही उपयोग नाही." लिहिलं. "एक्स्प्रेसवेवरच्या कॅमेऱ्याची दोन ई-चलनं भरायची राहिलीत." गुरुजींनी चष्मा पुसला. "आणि विम्यात पन्नास टक्के नो क्लेम बोनस दाखवताय तो गाडीबरोबर येत नाही. तो माणसाचा असतो. तुमच्याकडेच राहणार. हिला विमा पुन्हा जास्त भरावा लागेल." लिहिलं.

पट्टे कोरडे होते. चुंबक बंपर सोडून सगळीकडे चिकटलं. बंपर प्लॅस्टिकचा, त्याला ते चिकटत नसतंच, तरी काकांनी दोनदा लावून बघितलं. गाडी सकाळी गार होती आणि एका झटक्यात चालू झाली. काकांनी सगळं ऐकलं, वहीचं पान फाडलं, भाच्याच्या हातात दिलं आणि ठरलेला शब्द उच्चारला, "नको."

सूनबाई मान डोलावून म्हणाल्या, "बरोबर आहे काका. एक विचारू? कोपऱ्यावर चहाची टपरी आहे ना, तिथला चहा चांगला असतो म्हणतात. मला तर आता आल्याचा चालत नाही. जरा बघून सांगता का, घेण्यासारखा आहे का?"

तपासणीची विनंती काकांनी आजवर नाकारलेली नाही. ते गेले.

सूनबाईंनी मोबाइल गुरुजींसमोर धरला. बेरीज तिथेच होती. गुरुजी गणिताचे होते. त्यांनी ती एकदा तपासली, एका जागी हातचा चुकला होता तो दुरुस्त केला, आणि चार लाख पंधराला हो म्हणाले. बोजा आठ दिवसांत उतरवून देण्याचं कागदावर ठरलं, चलनं तिथेच मोबाइलवरून भरली, भाच्याने टोकन दिलं. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. काका परत आले ते सांगत, "आलं जुनं आहे, दूध पातळ आहे, आणि ग्लास नीट धुतलेले नाहीत."

"मग प्यायलात की नाही?"

"दोन," काका म्हणाले. मग त्यांनी भाच्याच्या हातातली किल्ली बघितली.

मला वाटलं होतं ते चिडतील. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. गाडीत पुढे बसले, पट्टा लावला, खिडकी खालीवर करून बघितली. ओव्याच्या वळणावर आल्यावर म्हणाले, "मी चहाला गेलो, ती माझी संमतीच होती." दुसऱ्या दिवसापासून गावात ही 'काकांनी पास केलेली गाडी' झाली. बाळ याच गाडीतून घरी आलं. काका दारात उभे होते. त्यांनी बाळाची बोटं मोजली आणि पहिल्यांदाच काही न लिहिता मान हलवली.

तुम्हीही पनवेल-खारघरच्या बाजूला जुनी वॅगनआर बघायला येणार असाल, तर काकांना जरूर बरोबर न्या. फी एक चहा, साखर कमी. एकोणीसच्या जुलैनंतरची, कंपनीच्या किटची आणि कागद मोकळे असलेली असेल तर गाडी वाईट नाही, काका काहीही म्हणोत. फक्त टोकनचे पैसे तुमच्या खिशात ठेवा, ते म्हणतील त्या प्रत्येक दोषापुढे त्याची रक्कम लिहा, आणि विकणाऱ्याच्या घराजवळ चहाची टपरी आहे ना, एवढं आदल्या दिवशी बघून ठेवा.